जिथे माहिती नाही, तिथे झाड

माझ्या धंद्यात पाऊस पडत नाही, वादळ येत नाही आणि कुणाला थंडीही वाजत नाही. मी इमारती बांधतो, पण त्यातली सगळ्यात उंच माझ्या छातीला लागते. माणसं बोटाच्या नखाएवढी. शारजा औद्योगिक क्षेत्रात एका बाजूला रेडिएटर दुरुस्त करणारा पठाण आणि दुसऱ्या बाजूला गाद्यांचं गोदाम, यांच्या मध्ये आमचं वर्कशॉप आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, इथे टायर बदलून मिळत असतील. आत मात्र मशिदी आहेत, मॉल आहेत, बंदरं आहेत आणि पोटमाळ्यावर प्लॅस्टिकच्या कापडाखाली कॅनडातलं एक अख्खं शहर आहे. त्या शहराबद्दल लिहायला बसलो की अजूनही मी चहाच्या निमित्ताने उठतो.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं होतं, "सलीमभाई, तुमच्या कामाबद्दल लिहा, जरा हलकंफुलकं." तेव्हा हलकंफुलकं आधी उरकून घेतो, म्हणजे त्यांचीही तक्रार राहणार नाही.

मी मूळचा दापोलीकडचा. वडील होड्यांचे सुतार होते, त्यामुळे लाकूड हातात आलं ते शाळेच्या पाटीबरोबरच. शारजात आलो दरवाजांच्या चौकटी करायला, आणि कसा कोण जाणे मॉडेलच्या धंद्यात शिरलो. बिल्डर इमारत उभी राहायच्या आधी ती विकतो. गिऱ्हाइकाला नकाशा कळत नाही, मॉडेल कळतं. म्हणून आर्किटेक्टकडून ड्रॉइंग येतात, इमारतीच्या प्रत्येक बाजूचं एकेक. आमचा वर्गीस ती कॉम्प्युटरवर घेऊन लेसर मशीनवर ॲक्रिलिकचे पत्रे कापतो. आम्ही ते इंजेक्शनच्या सुईने पातळ गोंद सोडून जोडतो, रंगवतो, आत दिवे घालतो. तांब्याच्या तारेला पीळ देऊन त्यावर फोमचा हिरवा चुरा चिकटवला की झाड होतं. एवढंच. त्रिशूरचा हा वर्गीस माझ्यासोबत इतकी वर्षं आहे की आमच्या बायका आम्हाला एकमेकांच्या नावाने टोमणे मारतात.

गिऱ्हाइकं एकेक नमुने असतात. अल रीम आयलंडवरच्या एका टॉवरच्या मालकाने मॉडेल बघून शेजारच्या टॉवरवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हबीबी, धिस वन रिमूव्ह." मी म्हटलं, "सर, तो टॉवर तिथे खरंच उभा आहे." तो म्हणाला, "आय नो. बट माय बायर वॉन्ट सी व्ह्यू." काढला. आमच्या धंद्यात समुद्र ज्याला हवा त्याला मिळतो. रुवैसच्या एका कामगार वसाहतीचं मॉडेल केलं तेव्हा उलटा प्रकार. उद्घाटनाला आलेला एक फिटर कॅन्टीन बघेना, मैदान बघेना. वाकून वाकून त्याने स्वतःच्या खोलीचं दार शोधलं आणि आनंदाने त्यावर बोट टेकवलं. गॅलरी मोडली. मला राग आला नाही. घुमट आणि कमानी फोटोपुरत्या असतात, माणूस बघतो ते दार. हे मी तेव्हा शिकलो. पुढे ते माझ्यावर असं उलटेल, हे तेव्हा कळलं नव्हतं.

धंद्याच्या दोन गोष्टी सांगायला हव्यात, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच आहे. पहिली अशी की आम्ही कुणालाही 'नक्की' म्हणत नाही. डिलिव्हरी कधी? इन्शाल्ला गुरुवारी. रंग जाणार नाही ना? इन्शाल्ला नाही. 'नक्की' म्हटलं की माणूस अडकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे वर्गीसची म्हण. गिऱ्हाईक इमारतीच्या सगळ्या बाजूंची ड्रॉइंग कधीच देत नाही. समोरची बाजू झकपक येते, मागचीचा पत्ता नसतो. अशा वेळी आम्ही समोरचीच बाजू उलटी फिरवून मागे चिकटवतो. त्याच खिडक्या, तीच दारं. लबाडी दिसू नये म्हणून तिच्यासमोर दाट झाडी लावतो. "भाईजान," वर्गीस म्हणतो, "जहाँ मालूम नहीं, वहाँ पेड़." तुम्ही कुठल्या सेल्स ऑफिसात मॉडेल बघाल आणि मागच्या अंगाला जंगल दिसेल, तर समजा की तिथे आमचं अज्ञान लपलेलं आहे.

आता ते शहर. नाव लिहीत नाही, मुलीने तशी ताकीद दिली आहे. कॅनडाच्या मधल्या सपाट मुलखातलं, ज्याला प्रेअरी म्हणतात, तिथलं एक शहर. एका शिक्षण सल्लागार कंपनीच्या मॅडम ते काम घेऊन आल्या. दुबईतल्या प्रदर्शनात पालकांना दाखवायला त्यांना शहराचा मधला भाग आणि नदीकाठचं विद्यापीठ, दोन्ही एका टेबलावर हवं होतं.

मी आयुष्यभर काच आणि ॲल्युमिनियमच्या इमारती केलेल्या. इथे सगळा दगड. विधानभवनाला मोठा घुमट. तो आम्ही कशाचा केला, हे मॅडमना कधी कळलं नाही: रोल-ऑन डिओडरंटच्या बाटलीतला गोळा अर्धा कापून. त्यांनी विचारलं, "हाऊ डिड यू गेट इट सो परफेक्ट?" वर्गीस गंभीरपणे म्हणाला, "लेसर, मॅडम." रेल्वे स्टेशनला देवळासारखे खांब, नदीकाठी किल्ल्यासारखं बुरूजवालं हॉटेल, आणि गावाच्या कडेला धान्याची उंच कोठारं. विद्यापीठात मधोमध मोठी हिरवळ आणि तिच्याभोवती जुन्या इमारती: वाचनालय, पदवीदानाचं सभागृह, रसायनशास्त्राची इमारत. तिन्ही करड्या दगडाच्या, एकही दगड दुसऱ्यासारखा नाही. बाकी बाजूंना नव्या, काचेच्या आणि विटांच्या. इमारती एकमेकींना काचेच्या पुलांनी जोडलेल्या, आणि ड्रॉइंगमध्ये जमिनीखालून तुटक रेषा. मी विचारलं, "मॅडम, या रेषा कसल्या?" "टनेल्स. हिवाळ्यात मुलं आतल्या आतच फिरतात."

"मग थोडा बर्फ दाखवूया? छपरांवर. छान दिसेल."

मॅडम दचकल्याच. "नो, नो स्नो! पेरेंट्स विल गेट स्केअर्ड. समर करा. ग्रीन."

आम्ही ग्रीन केलं.

माझी मुलगी नाझनीन, घरात नाझू, तेव्हा बारावी होऊन घरी होती. जन्म इथला, शाळा इथली. मी मराठीत बोललो की ती इंग्लिशमध्ये उत्तर देते, आणि दोघांनाही त्याचं काही वाटत नाही. वर्कशॉपला ती 'दॅट स्मेली प्लेस' म्हणायची. पण त्या दगडी भिंतींचा फोटो बघून स्वतःहून आली. स्पंजच्या तुकड्याने एकेका दगडावर रंगाचे ठिपके देत बसली. मग झाडं लावायला मागितली. मी सांगेन तिथे लावायची आणि मी सांगितलं नाही तिथेही लावायची. "अब्बा, इट लुक्स सो लोनली," म्हणत एखाद्या रिकाम्या जागी चार झाडं खोचून मोकळी.

प्रदर्शन झालं. मॉडेल ठेवायला मॅडमकडे जागा नव्हती, म्हणून ते परत आमच्या पोटमाळ्यावर आलं. आणि नाझूने जाहीर केलं की शिकायला जायचं ते याच विद्यापीठात. पदवीदानाच्या सभागृहाकडे बोट दाखवून म्हणाली, "ग्रॅज्युएशनला मी इथून बाहेर येणार. तुम्ही आणि अम्मी इथे उभे राहा." तिने खरंच तिथे दोन माणसं चिकटवली.

रेहाना, माझी बायको, तिचं म्हणणं होतं की पोरीने पुण्याला जावं, निदान विमान तीन तासांचं. पण ती एकटी पडली. मी नाझूच्या बाजूने होतो, कारण त्या शहराची गल्ली न् गल्ली मला ठाऊक होती. मी ते बनवलं होतं ना.

ती गेली, आणि हळूहळू मला कळायला लागलं की मला त्या शहरातलं काहीच ठाऊक नाही. पहिल्या हिवाळ्यात मोबाइलवर तिथलं तापमान बघायची सवय लागली. उणे वीस. उणे तीस. शारजात जानेवारीत स्वेटर घालून मी चहा पीत उभा असायचो आणि तो आकडा पुन्हा पुन्हा बघायचो. नाझू फोनवर हसायची. "अब्बा, वी हॅव टनेल्स!" पण एकदा बोलता बोलता म्हणाली की इथे वारा सुटला की सगळं पांढरं होतं, जमीन कुठली न् आभाळ कुठलं कळत नाही, कुणी गेल्या वर्षी स्वतःच्या घराच्या अंगणात वाट चुकलं होतं. पुढे त्या माणसाचं काय झालं, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या रात्री मी झोपलो नाही. नंतरही जेव्हा जेव्हा तिचा फोन उशिरा लागला, तेव्हा तेव्हा मला ते अंगण आठवायचं.

दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी वर्कशॉप नुकतं उघडलं होतं. तिथे आदल्या दिवशीची रात्र. नाझूचा फोन आला.

"अब्बा, डोन्ट पॅनिक, ओके?"

हे वाक्य ऐकून जो घाबरत नाही तो बाप नसावा. मागे काहीतरी सतत गर्जत होतं. मला आधी वाटलं गाडी आहे. तो वारा होता.

लॅबमधून निघायला तिला उशीर झाला होता. नेहमीचा काचेचा पूल दुरुस्तीसाठी बंद आणि हॉस्टेलपर्यंत बोगदा जात नाही, म्हणून हिरवळ ओलांडून हॉस्टेल गाठायला ती बाहेर पडली. निघाली तेव्हा समोर दिवे दिसत होते. अर्ध्या वाटेत वारा उठला आणि दिवे गेले. सगळं पांढरं. ती चालत राहिली आणि एका भिंतीवर आदळली.

"सिक्युरिटीला फोन केला?"

"केला. दे सेड स्टे देअर, विच बिल्डिंग आर यू ॲट? अब्बा, आय डोन्ट नो विच बिल्डिंग! मला माझा हात दिसत नाहीये. मॅप मला नदीत दाखवतोय." तिचे शब्द एकमेकांना चिकटत होते, दाताच्या डॉक्टरकडून आलेल्या माणसासारखे. त्याने मी जास्त घाबरलो.

"बॅटरी?"

"लो. पटापट उतरतेय."

मी फोन स्पीकरवर टाकला आणि शिडी चढलो. कसा चढलो ते आठवत नाही. प्लॅस्टिकचं कापड ओढलं. खाली ते शहर होतं. हिरवंगार, उन्हाळ्यातलं, निळी नदी, हिरवळीवर नखाएवढी माणसं फिरायला निघालेली. त्या माणसांचा मला इतका संताप आला की एखाद्याला चिरडलं असतं. माझ्या मागून वर्गीस वर आला. मी काही सांगितलं नाही, त्याने ऐकलंच होतं. विद्यापीठाच्या वेबसाइटवरून नंबर काढून तो त्याच्या फोनवरून सिक्युरिटीला लावायला लागला. लाइन बिझी. होल्डवर पियानो वाजत होता.

"नाझू, हात भिंतीला आहे?"

"हो."

"सोडायचा नाही. काय वाटलं तरी भिंत सोडायची नाही. हाताला काय लागतंय?"

"स्टोन. रफ."

करडा दगड. म्हणजे तीनच इमारती. मी बोट हिरवळीच्या कडेने फिरवलं. "खाली, जमिनीजवळ काय आहे? पायाने चाचप."

वाऱ्याशिवाय काही ऐकू येईना. मग, "लो विंडो. जाळी आहे."

तळघराच्या खिडक्या. पदवीदानाच्या सभागृहाला त्या नाहीत. उरल्या दोन. "बाजूला सरक. भिंतीतून खांबासारखं काही बाहेर आलंय का?"

"नाही... थांबा. हो. हो, लागला."

खांब फक्त वाचनालयाला होते. ते एकेक करून मीच चिकटवले होते, आणि कंटाळून त्या आर्किटेक्टला शिव्याही दिल्या होत्या. अल्ला त्याचं भलं करो.

"बेटा, तू वाचनालयाला आहेस. आता भिंतीकडे तोंड कर. वारा कुठून लागतो?"

"पाठीवर. उजव्या हाताला भिंत संपतेय. अब्बा, खूप लागतोय."

वर्गीसने एका हाताने फोन कानाला धरून दुसऱ्या मनगटावरच्या स्मार्ट घड्याळात तिथलं हवामान काढलं. "नॉर्थ से," तो म्हणाला. वाचनालयाची मागची बाजू उत्तरेला, म्हणजे ती मागच्या बाजूला होती. उघड्या वाऱ्यात. तिथे उभं राहणं म्हणजे थिजून जाणं, आणि बाहेरून तिच्यापर्यंत कुणाला पोचता येत नव्हतं. जे येतील ते आतून, त्या तुटक रेषांमधून येतील. म्हणजे तिला दारापाशी जायला हवं होतं.

मॉडेलमध्ये त्या बाजूला एक दार होतं. डाव्या टोकाला, छोटं, भिंतीत खोल गेलेलं, आडोशाचं. मी सांगायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात बघितलं.

दारासमोर झाडं होती. दाट, ओळीने.

समोरच्या बाजूलाही हुबेहूब तसलंच एक छोटं दार होतं. म्हणजे हे मागचं दार खरं, की समोरची बाजू उलटी करून चिकटवलेली आमची थाप? वर्गीसने झाडं बघितली. त्याने माझ्याकडे बघितलं आणि नजर फिरवली. म्हण त्याचीच होती. दार नसेल आणि ती डावीकडे जात राहिली, तर कोपऱ्याला भिंत संपत होती. त्यापुढे गाड्यांचं उघडं मैदान आणि मग नदीचा उतार. किती खोट्या भिंती, किती खोट्या खिडक्या आम्ही आजवर झाडांमागे लपवल्या होत्या, आणि कुणाचं कधी काही बिघडलं नव्हतं. मी ते काम आठवायचा प्रयत्न करत होतो. मागच्या बाजूचा फोटो आला होता का? डोकं पार कोरं. मी मॉडेलच्या कडेला धरून उभा राहिलो.

मग आठवलं की झाडं मी लावलेली नव्हती.

"नाझू, नीट ऐक. वाचनालयाच्या मागे तू झाडं लावलीस. मी लाव म्हणालो होतो, की तुझ्या मनाने?"

"व्हॉट?"

"मॉडेलमधली झाडं! मी सांगितलं होतं का तुला, इथे भरून टाक म्हणून?"

वारा. फक्त वारा. वर्गीसच्या फोनवर पियानो.

"नो," ती हळू म्हणाली. "यू सेड लीव्ह इट एम्प्टी. तुम्ही चहाला गेलात. मग मी लावली. इट लुक्ड लोनली."

"आठवतंय तुला?"

"आय थिंक सो."

मी रिकामं ठेव म्हणालो होतो. म्हणजे मला तिथलं माहीत होतं. म्हणजे लपवण्यासारखं काही नव्हतं. असेल, तिला बरोबर आठवत असेल तर.

"अब्बा," ती म्हणाली, आणि आता ती मराठीतच बोलत होती, "मला भीती वाटतेय. दार आहे ना तिथे? नक्की?"

"नक्की," मी म्हटलं. "उजवा हात भिंतीला ठेव आणि डावीकडे चाल. खांब मोजत जा. चौथा खांब गेला की दार."

ती चालायला लागली. मी पहिल्या खांबावर बोट ठेवलं. "वन," ती म्हणाली. बराच वेळ गेला, किंवा मला तसं वाटलं. "टू." मी बोट सरकवलं. मला तिचा श्वास ऐकू येत होता, धापा टाकल्यासारखा. "थ्री." आणि फोन बंद पडला.

मी परत लावला नाही. माहीत होतं. माझं बोट तिसऱ्या खांबावर होतं आणि ते मला उचलवेना. बोट उचललं तर ती तिथेच राहील असं काहीतरी मूर्खासारखं मनात आलं होतं. मी मनातल्या मनात दुआ म्हणत होतो आणि मधेच शब्द विसरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होतो.

तेवढ्यात वर्गीस ओरडला, "यस! हॅलो! येस, मॅडम!" पियानो थांबला होता. त्याने आपल्या मल्याळी इंग्लिशमध्ये एका दमात सांगितलं: मुलगी, वाचनालय, मागची बाजू, पूर्वेकडचं छोटं दार, फोन बंद. पलीकडच्या बाईने काहीतरी विचारलं. वर्गीसने माझ्याकडे बघत डोळे मिटले आणि उघडले. "भाईजान, वो बोली नॉर्थ डोअर. दरवाज़ा है."

दार होतं. मी धुळीतच बसलो. पण दार असून काय? ती तिथे पोचली का? चौथा खांब मोजताना चुकली तर? हात बधिर झाला आणि भिंत सुटली तर? वर्गीसला पुन्हा होल्डवर टाकलं होतं. तो पियानो मला आजही कुठल्या लिफ्टमध्ये ऐकू आला तर मी जिन्याने जातो. खाली रेडिएटरवाल्या पठाणाच्या दुकानात कुणीतरी हातोडा मारत होतं, सकाळ नेहमीसारखी चालली होती, आणि मला वाटलं, आता घरी जाऊन रेहानाला काय सांगणार? कुठल्या तोंडाने?

एका अनोळखी नंबरावरून फोन आला. आधी कुणीतरी पुरुष इंग्लिशमध्ये काही म्हणाला, ते मला कळलं नाही. मग तिचा आवाज. ती रडत होती.

"अब्बा, दार होतं."

ती दाराच्या खोबणीत अंग चोरून बसलेली सापडली होती. सिक्युरिटीची दोन माणसं बोगद्यातून आली आणि त्यांनी आतून दार उघडलं. बोटांची टोकं पांढरी पडली होती, ती पुढे बरी झाली. मी "हो, हो" एवढंच म्हणत राहिलो. वर्गीस शिडीच्या वरच्या पायरीवर बसून शर्टाने तोंड पुसत होता. मग म्हणाला, "यल्ला, चाय."

रेहानाला संध्याकाळी सांगितलं, नाझूशी तिचं बोलणं करून दिल्यावर. तिने आधी फोन खाली ठेवला. मग म्हणाली, "तुम्ही पोरीला हिरवं शहर दाखवलंत." एवढंच. मॅडमना पालक घाबरायला नको होते. पालक आता रोज घाबरतो.

धंदा चालू आहे. पण मी आता गिऱ्हाइकाकडे मागच्या बाजूचे फोटो मागतो. ते वैतागतात. "हू विल सी द बॅक, हबीबी?" म्हणतात. मिळाले नाहीत तर मी मागची भिंत कोरी ठेवतो, बोडकी. वर्गीस कुरकुरतो, पण दारासमोर झाड तोही लावत नाही.

उन्हाळ्यात नाझू आली. तिला कितीतरी सांगितलं होतं की तिथलं शिक्षण सोड, इथे काहीतरी बघू. ती ऐकणाऱ्यातली नाही. या सप्टेंबरात परत गेली. पण जायच्या आधी एक दिवस वर्कशॉपवर आली आणि सरळ पोटमाळा चढली. कापड काढून वाचनालयाच्या मागे वाकून बसली. मग दारासमोरची झाडं एकेक करून उपटायला लागली. मॉडेलच्या हिरव्या तळावर बारीक भोकांची ओळ राहिली. सगळी झाडं मुठीत घेऊन ती माझ्याकडे वळली.

"अब्बा, त्या दिवशी तुम्ही नक्की म्हणालात. वेअर यू शुअर?"

मी तिच्याकडे बघितलं. आयुष्यभर गिऱ्हाइकांना जे सांगत आलो, तेच तोंडातून निघालं.

"इन्शाल्ला," मी म्हटलं.

ती हसायला लागली. धंद्यातला तो शब्द तिने लहानपणापासून ऐकलेला. खूप हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग हसू एकदम थांबलं. तिने ती झाडं खाली ठेवली, माझा उजवा हात ओढून घेतला, आणि जे बोट तिसऱ्या खांबावर होतं ते घट्ट धरून उभी राहिली, रस्ता ओलांडताना लहानपणी धरायची तसं.